रोड बाइकचं ट्यूनिंग घरी करावं की दुकानात द्यावं? (चांदणी चौकात ‘कट्ट’ होतंय)

कर्वेनगरची गणितवाली
रविवार, रात्री ९:५०

मंडळी, आधी हकिकत सांगते, मग प्रश्न विचारते.

माझ्याकडे सेकंडहँड रोड बाइक आहे. अॅल्युमिनियमची फ्रेम, शिमानो टियाग्रा, मागे १० गिअर, रिम ब्रेक. २०२२ मध्ये घेतली, तेव्हापासून साडेआठ हजार किलोमीटर झाले. शाळेत जायला साधी सायकल वेगळी आहे, ही फक्त पहाटेची. वारज्यावरून खडकवासला, दम असेल तर सिंहगड, महिन्यातून एकदा पौड रस्त्यानं पिरंगुट. नोव्हेंबरात २०० किलोमीटरची बीआरएम (लांब पल्ल्याची, वेळ बांधून दिलेली राइड) करायची आहे. साडेतेरा तासांत पुरी करायची असते, म्हणून म्हटलं पाऊस ओसरला की सायकलची एकदा नीट सर्व्हिस करून घेऊ.

दुकानाचं नाव लिहीत नाही. नऊ दिवस ठेवली. रोज फोन, रोज ‘उद्या संध्याकाळी या मॅडम’. मिळाली तेव्हा एकदम चकाचक, टायरच्या बाजूंनासुद्धा काहीतरी चोपडलेलं. बिल ३,४५० रुपये, त्यात नवी साखळी. जुनी साखळी मी मागून घेतली. ही वडिलांची सवय, बदललेला पार्ट घरी आणायचाच.

पहिल्याच रविवारी चांदणी चौकाचा चढ. सीटवरून उठून जोर लावला आणि खालून ‘कट्ट’! पेडल एकदम रिकामं गेलं, गुडघा हँडलवर आपटला. मागून पीएमपीची बस येत होती. पुढचं लिहीत नाही, आमच्या आई हे वाचतात.

दुकानात परत गेले. त्यांनी सायकल स्टँडवर चढवली, हातानं पेडल फिरवून दहाही गिअर वरखाली करून दाखवले. ‘बघा ना मॅडम, एकदम मख्खन.’ आणि खरंच मख्खन. पुढच्या रविवारी त्याच जागी परत कट्ट.

मग मी चिडून गॅलरीतला झोपाळा काढला, त्याच्या कड्यांना नायलॉनची दोरी बांधून सायकल टांगली आणि व्हिडिओ बघत बसले. आधी केबलचा ताण कमीजास्त करणारा बॅरल स्क्रू फिरवला. फरक नाही. मग डिरेलरचे (साखळी एका चक्रीवरून दुसरीवर ढकलतो तो भाग) ते दोन बारके स्क्रू, एच आणि एल, तेही फिरवले. सकाळी आठला बसले ती दोनला उठले. आता कट्ट तर होतंच, वर सगळ्यात मोठ्या चक्रीवर साखळी चढत नाही. म्हणजे मी आजार बरा केला नाही, एक वाढवला.

माझे वडील दर दिवाळीच्या आधी अंगणात त्यांची अॅटलस उलटी करायचे. रॉकेलच्या डब्यात छर्रे धुवायचे, कोन-वाटीत ग्रीस भरून एकेक छर्रा चिमट्यानं बसवायचे. मी शेजारी बसून छर्रे मोजायचे. त्या घरातली मी, आणि दोन स्क्रूंपुढे हात टेकले.

तर प्रश्न असा. हे घरी शिकण्यासारखं आहे का? हत्यारांना किती पैसे घालावे लागतील? की निमूट दुसरं दुकान शोधू?

वाकडी वाट
रविवार, रात्री १०:२५

ताई, घरीच करा, डोळे झाकून. दुकानात सायकल दिली की रविवार गेलाच समजा. मी चार वर्षं सगळं घरी करतो. एलन कीचा सेट, चेन ब्रेकर, केबल कटर, पंक्चरचं सामान, टॉर्क रेंच (बोल्ट किती जोरानं आवळला ते दाखवणारा पान्हा). साडेचार-पाच हजारांत सगळं आलं. केबलच्या आउटरचा (वरच्या नळीचा) एक रोल घेऊन ठेवा, गिअरला आणि ब्रेकला दोन्हीकडे चालतो.

टॉर्क रेंच मात्र आधी घ्या, मी शेवटी घेतला. सीटपोस्टच्या क्लॅम्पवर चक्क ‘५ एनएम’ (न्यूटन मीटर) लिहिलेलं होतं. मी म्हटलं, दंडाला कळतं किती पिळायचं ते. कार्बनचा सीटपोस्ट मुळशीच्या अलीकडे करकरला. घरी येऊन बाहेर काढला तर क्लॅम्पच्या रेषेवर केसासारखी चीर. सात हजार.

मायक्रोमीटर
रविवार, रात्री ११:०५

ताई, अजून एकही स्क्रू फिरवू नका. आधी चार गोष्टी सांगा.

१. कट्ट सगळ्या गिअरमध्ये होतं की ठरावीक? चक्रीचे दात मोजून सांगा.
२. सिंहगडाच्या चढावर, सगळ्यात मोठ्या चक्रीवर असताना होतं का?
३. दुकानानं साखळी बदलली. कॅसेट (मागच्या चक्र्यांचा अख्खा संच) बदलली का?
४. सर्व्हिसच्या आधी असं कधी झालं होतं?

वाकडी वाट, टॉर्क रेंचचं लाख बोललात. पण आउटरचं कृपा करून मागे घ्या. गिअरच्या आउटरमधल्या तारा उभ्या असतात, ब्रेकच्या आउटरमध्ये त्या स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या असतात. गिअरचं आउटर ब्रेकला लावलं आणि घाट उतरताना लीव्हर जोरात दाबला तर ते फाटू शकतं. फाटलं की ब्रेक गेला. दिवे घाटात हा प्रयोग नको.

वाकडी वाट
रविवार, रात्री ११:२०

बाप रे. माझ्या मागच्या ब्रेकला तेच आहे. उद्याच काढतो.

कर्वेनगरची गणितवाली
सोमवार, संध्याकाळी ६:१५

मायक्रोमीटर काका (काका म्हटलं तर चालेल ना?), उत्तरं:

१. सगळ्यांत नाही. आज मुद्दाम वारज्याच्या पुलावर एकेक गिअर लावून उभं राहून मारलं. १८ आणि २० दातांच्या चक्रीवर कट्ट. १६ वर एकदा झाल्यासारखं वाटलं, नक्की नाही. बाकी काही नाही.
२. सिंहगडावर नाही. तिथे मी गोळेवाडीपासून ३२ च्या चक्रीलाच चिकटलेली असते. आश्चर्य म्हणजे तिथे जोर जास्त लागतो तरी होत नाही.
३. बिलात फक्त साखळी आहे.
४. कधीच नाही! म्हणून तर संताप.

मायक्रोमीटर
सोमवार, रात्री ९:३०

काका चालेल. पिंपरीत टूलरूममध्ये ३४ वर्षं काढली, तिथे सगळे ‘आजोबा’ म्हणायचे, त्यापेक्षा बरं.

तुमच्या गिअरच्या ट्यूनिंगमध्ये दोष नव्हताच. कॅसेट संपली आहे, निदान त्या दोन चक्र्या तरी.

साखळी ताणली गेली असं आपण म्हणतो. ती ताणली जात नाही, झिजते. प्रत्येक पिनेभोवती कणभर धातू जातो, आणि शंभरावर सांध्यांची झीज एकत्र होऊन साखळी लांब होते. पावसाळ्यात खडकवासल्याच्या रस्त्यावरची वाळू त्यात गेली की काम आणखी लवकर. लांबलेली साखळी हळूहळू चक्रीच्या दातांनाही आपल्या मापाचं करून घेते. दोघं बरोबरीनं झिजतात, म्हणून कुरकुर होत नाही. तुम्हाला आधी काही जाणवलं नाही ते यामुळे. मग त्या घरात नवी सून आली. तिचं माप अचूक, पिन ते पिन अर्धा इंच. घराचं माप चुकलेलं. हातानं पेडल फिरवलं तर ती कशीबशी बसते, म्हणून स्टँडवर मख्खन. उभं राहून जोर दिला की साखळीचा रोलर झिजलेल्या दातावर चढतो आणि पुढच्या दातावर उडी मारतो. तेच तुमचं कट्ट.

१८ आणि २० वरच का? कारण खडकवासल्याच्या सपाटीला तुमचे साडेआठ हजारांतले बहुतेक किलोमीटर त्याच दोन चक्र्यांवर गेले. ३२ ची चक्री कमी वापरलेली, शिवाय तिथे साखळी जास्त दातांना धरते. आणि डिरेलरचं सेटिंग बिघडलं असतं तर त्रास ठरावीक दोन चक्र्यांवर, तोही फक्त जोर दिल्यावर, असा झाला नसता. हलक्या पायालाही खरखर ऐकू आली असती. केबल सैल असेल, हँगर (डिरेलर ज्यावर बसतो तो तुकडा) वाकलेला असेल, तरी तेच.

जुनी साखळी मागून घेतली म्हणालात, वडिलांचे आभार माना. मोजा. ती जमिनीवर सरळ ताणून ठेवा. एका पिनेचा मध्य पट्टीच्या शून्यावर, तिथून पुढे २४ पिना मोजा. चोविसावी १२ इंचांवर आली तर साखळी नव्यासारखी. अर्धा सूत पुढे गेली तर बदलायची वेळ झाली. पुरता एक सूत पुढे गेली तर तिनं कॅसेटही खाल्ली असं धरून चाला. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुताराला विचारा, तो अजून त्यातच बोलतो.) ही पट्टी दर ५०० किलोमीटरला लावली असती तर साखळी वेळेवर बदलली गेली असती आणि त्याच कॅसेटवर आणखी दोन साखळ्या निघाल्या असत्या. घरी काय शिकायचं विचारता, तर पहिलं हे शिका. हत्याराची किंमत साठ रुपये.

आता तुम्ही फिरवलेले स्क्रू. नवी कॅसेट बसल्यावर हे करा, आधी नको.

मागे सगळ्यात लहान चक्रीवर या आणि डिरेलरपाशी केबलचा बोल्ट सैल करा, म्हणजे केबलचा काही संबंधच उरणार नाही. बॅरल पूर्ण आत फिरवून एक फेरा बाहेर घ्या. आता सायकलच्या मागे खाली बसून एक डोळा मिटून बघा. डिरेलरची वरची छोटी चाकी लहान चक्रीच्या बरोबर खाली, एका रेषेत हवी. नसेल तर एच स्क्रू फिरवा. मग एका हातानं पेडल फिरवत दुसऱ्या हातानं डिरेलर आत ढकला, साखळी सगळ्यात मोठ्या चक्रीवर जाईल. तिथेही तीच रेषा, या वेळी एल स्क्रूनं. हा स्क्रू जपून फिरवा. तो जास्त सैल राहिला तर साखळी चक्रीपलीकडे चाकाच्या तारांत पडते, आणि ते चढावरच होतं, कारण मोठी चक्री आपण तिथेच लावतो. तुमची साखळी ३२ वर चढत नाही, म्हणजे तुम्ही हा घट्ट केलाय. उलटं झालं असतं त्यापेक्षा हे परवडलं.

हे दोन स्क्रू म्हणजे फक्त कुंपण. एकदा लावले की त्यांना विसरा. रोजचं काम बॅरलचं.

साखळी परत लहान चक्रीवर आणा, केबल हातानं ताणून बोल्ट आवळा. लीव्हरची एक टिचकी द्या. साखळी दुसऱ्या चक्रीवर चढली नाही किंवा रेंगाळत चढली, तर बॅरल उलटा (घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध) पाव फेरा. परत बघा. चढली पण तिसऱ्या चक्रीला घासून खरखर करते, तर सुलटा पाव फेरा. पाव म्हणजे पाव. तुम्ही सहा तास बसलात यावरून मला वाटतं तुम्ही दोन-दोन फेरे मारत होतात.

दुकानात काय द्यायचं? मी स्वतः हँगर सरळ करणं (त्याचा गेज महाग असतो आणि वर्षातून एकदा लागतो), बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाचं बेअरिंग) आणि चाकाची आऊट (चाक डगमगतं ते सरळ करणं) या तीन गोष्टी देतो. आऊट घरी काढता येते, रिम ब्रेकच्या पॅडकडे बघत. मी काढायचो. मग एकदा कसब्यात एका म्हाताऱ्या मिस्त्रींना काम करताना पाहिलं. त्यांनी चाक चिमट्यात धरलं, एकेक तार नखानं छेडली, सतारीसारखी. एका तारेचा आवाज बसका आला, तिथे थांबले, निपल (तारेच्या टोकाचा नट) पाव फेरा, परत छेडली. बारा मिनिटांत चाक पाण्यासारखं. माझ्याकडे डायल गेज असून मला पाऊण तास लागायचा. तेव्हापासून मी निमूट तिकडे जातो.

डबलसीट
सोमवार, रात्री १०:१०

रॉकेल आता मिळतं कुठे पण? मी डिझेल वापरतो, बायको गॅलरीत उभी राहू देत नाही.

पेठेतला पान्हा
मंगळवार, दुपारी ३:४०

मी दुकानात काम करतो, कसबा पेठेत. हे ताईंचं दुकान आमचं नाही, पण बोलतो.

मायक्रोमीटर साहेब बरोबर बोलले. चूक दुकानाची आहे. नवी साखळी जुन्या कॅसेटवर टाकली तर एक राउंड मारून बघायला पाहिजे, जोर देऊन. स्टँडवर फिरवून दाखवणं म्हणजे टेस्ट नाही.

पण आमची बाजू पण ऐका. शनिवारी दुपारी दुकानात बारा-पंधरा सायकली असतात, सगळ्यांना संध्याकाळी पाहिजे, रविवारी सगळ्यांना सिंहगड. गिऱ्हाईक येतं, म्हणतं ‘फुल सर्व्हिस कर’. काय होतंय विचारलं तर ‘काही नाही, आवाज येतो’. कुठून, कधी, काही नाही. आणि कॅसेट बदला म्हटलं की तोंड वाकडं. ‘मी चेनसाठी आलो होतो, तू अडीच हजार वाढवतोस.’ दहातले सात असं बोलतात. मग पोरं बोलायचंच सोडून देतात. सांगितलं तर चोर, नाही सांगितलं तर निष्काळजी.

ताईंनी इथे लिहिलं तसं, १८ आणि २० वर, उभं राहून मारल्यावर, चेन बदलल्यापासून, असं कोणी काउंटरवर येऊन सांगितलं तर मी सायकल आत पण घेत नाही, तिथेच सांगतो काय झालंय.

अजून एक. रिम ब्रेकवाल्यांनी पावसाळ्यानंतर पॅड काढून बघा. रबरात रिमचे चमकणारे तुकडे रुतलेले असतात. सुईनं काढा आणि पॅड सॅण्डपेपरवर घासा. नाहीतर ते तुकडेच रिम खातात. याला दुकान लागत नाही.

वाकडी वाट
मंगळवार, रात्री ८:००

ब्रेकचं आउटर बदललं. जुनं कापून बघितलं, खरंच उभ्या तारा. लीव्हरपाशी वाकतं तिथे प्लास्टिकला चीर गेलेली होती. परवाच दिवे घाट उतरलो होतो. जास्त विचार करत नाही.

कर्वेनगरची गणितवाली
पंधरा दिवसांनी, रविवार, दुपारी १२:३०

मंडळी, झालं.

आधी साखळी मोजली. शाळेच्या प्रयोगशाळेतली ६० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी आणली, ओट्यावर साखळी ताणली. २४ पिनांना ३०४.८ मिलिमीटर यायला हवे होते. आले ३०८. एक सूत म्हणजे ३.१७५, म्हणजे काकांचा पुरता सूत, वर थोडं चिंचोक्याएवढं नाही पण राईएवढं जास्त. तीन वेगवेगळ्या जागी मोजलं, सवय आहे.

मग कॅसेट नीट धुऊन उजेडात धरली. १८ च्या चक्रीचे दात एका बाजूला कलंडलेले, शार्कच्या पाठीवर असतात तसे. शेजारी ३२ चे दात सरळ, बोथट टोकांचे. साडेआठ हजार किलोमीटर मी ही चक्री रोज पुसत होते आणि एकदाही बघितली नव्हती.

आता एक गोष्ट कबूल करते. दुकानाचं बिल परत काढलं, भांडायला जायचं म्हणून. मागच्या बाजूला पेन्सिलीत कोणीतरी लिहिलं होतं, ‘कॅसेट वीक’. मला कोणी बोललं नाही हे खरं. मी बिल उलटून बघितलं नाही हेही खरं. भांडायला गेले नाही. परतही गेले नाही.

कॅसेट २,६५० ला घेतली. जुनी काढून ती बसवायला दोन हत्यारं लागतात, लॉकरिंगचं (कॅसेट जागेवर धरणाऱ्या कडीचं) आणि चेन व्हिप (चक्री फिरू न देणारं). दोन्ही मिळून नऊशेच्या घरात आणि मला लागणार दोन वर्षांतून एकदा. शिवाय लॉकरिंग ४० न्यूटन मीटरला आवळायचं असतं, एवढा मोठा टॉर्क रेंच कोण घेणार. पेठेत गेले (पान्हा, तुमच्याकडेच आले असेन तर मला माहीत नाही, मी काही बोलले नाही). समोर उभं राहून बसवून घेतली, दहा मिनिटं, दीडशे रुपये. त्या मुलानं गिअर पण सेट करून देतो म्हटलं. मी नको म्हटलं. त्यानं जरा विचित्र बघितलं.

घरी झोपाळ्याच्या कड्यांवर परत टांगली. एच, एल, मग बॅरल. पाव फेरा म्हणजे काय ते समजायला बॅरलवर खडूनं रेघ मारली. तिसऱ्या पाव फेऱ्याला दुसऱ्या चक्रीवर साखळी अशी चढली की आवाजच आला नाही. मला वाटलं चढलीच नाही. वाकून बघितलं तर चढलेली. पंचेचाळीस मिनिटं लागली, त्यातली दहा दोरी सोडवण्यात.

ब्रेकचे पॅडही काढले. उजव्या पॅडमध्ये तांदळाच्या कणीएवढा चकचकीत तुकडा होता. सुईनं काढला, काडेपेटीत ठेवलाय, मुलींना वर्गात दाखवणार आहे.

आज सकाळी चांदणी चौक. १८ वर उभं राहून मारलं, मग २०, मग परत १८. काही नाही. पिरंगुटपर्यंत गेले, वडापाव खाल्ला, परत आले.

झोपाळा अजून भिंतीला टेकवलेला आहे. आई रोज विचारतात, तुझ्या सायकलचं झालं असेल तर आम्ही बसू का. संध्याकाळी लावते. कड्या फार करकरतात, त्यांना साखळीचं तेल घातलं तर चालेल का काका?

मायक्रोमीटर
रविवार, दुपारी १:१५

३०८ म्हणजे छानच मोजलंत.

कड्यांना साखळीचं तेल नको, ते पातळ असतं, खाली टपकतं आणि फरशी काळी होते. ग्रीस लावा, बोटानं, कडी आणि हूक जिथे एकमेकांना घासतात तिथेच. लावायच्या आधी ती जागा पुसून कडी किती खाल्ली गेली आहे तेही बघून घ्या. पट्टी हाताशी आहेच.